मिस्त्रीचे कान

मिस्त्रीला दोन कान होते आणि दोन्ही त्याच्या बायकोच्या तोंडात होते.

हे कुणी वाईट मनानं म्हणायचं नाही. विहिरी खोदण्यात आणि खोल करण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. त्या वीस वर्षांतल्या सुरुंगांनी आधी त्याचा डावा कान घेतला, मग उजवा, आणि नऊ वर्षांपूर्वी उरलंसुरलं ऐकू येणंही गेलं. जीभ मात्र जागेवर होती. स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यानं तो साधं 'चहा दे'सुद्धा रस्त्यापलीकडच्या माणसाला सांगितल्यासारखं सांगायचा. दुसऱ्याचं बोलणं त्याला ओठांवरून कळायचं, पण तेही जवळजवळ बायकोच्याच. बाकीच्यांच्या मिशा आड यायच्या, कुणाच्या गालात तंबाखू असायची, कुणी बोलता बोलता मान फिरवायचं. त्यामुळं ज्याला मिस्त्रीशी बोलायचं, तो मिस्त्रिणीशी बोलायचा. मग ती नवऱ्यासमोर उभी राहून एकेक शब्द, दाणे निवडावेत तसा, ओठांवर ठेवायची.

दाणे निवडावेत तसा, म्हणजे खडे बाजूला काढून. एखादा मालक म्हणायचा, "त्या बहिऱ्याला सांगा, हात जरा भराभर उचल." नवऱ्यापर्यंत पोचायचं, "मालक म्हणतात, काम चांगलं चाललंय, तेवढं लवकर होऊ द्या." चार माणसं कशावर तरी हसली, की मिस्त्री तिच्याकडे बघायचा. ती म्हणायची, "काही नाही. सांगण्यासारखं नाही." मग तोही उगीच थोडंसं हसून घ्यायचा, वरातीत मागं राहिलेल्या माणसासारखं. नवऱ्याला त्रास नको म्हणून आपण गाळून सांगतो, असं ती म्हणायची, आणि त्यात बारा आणे खरं होतं. उरलेले चार आणे असे, की अख्खं जग नवऱ्याकडे जाताना आधी तिच्या हाताखालून जायचं. ज्याच्या हाताखालून जग जातं त्याला त्याची सवय लागते.

त्या उन्हाळ्यात आसपासच्या विहिरींनी तळ दाखवला. मळेवाल्याची मोठी विहीर चार हात खोल करायचं काम मिस्त्रीकडे आलं, आणि नेमका त्याच आठवड्यात रहाट फिरवणारा धाकटा भाऊ शहरात ट्रक चालवायला निघून गेला. जाताना वहिनीला म्हणाला, "दिवसभर भिंतीशी बोलायचं म्हणजे किती बोलायचं?" मिस्त्रीला कळलं ते असं, की भावाला बरं काम मिळालंय. भावानं बायकोला मागं ठेवलं होतं. ती धाकटी जाऊ घमेली उचलायला होतीच. पण रहाटाला पुरुषाचा दंड हवा होता.

तेव्हा मुका आला.

तो मुका नव्हता. दिवसभर बडबडायचा, गाणी म्हणायचा, पाय ठेचला तर लांबलचक शिव्या द्यायचा. पण डोंगरांपलीकडच्या कुठल्या मुलखातली ती भाषा, तिच्यातलं अक्षर कुणाला कळत नव्हतं. आणि इथलं त्याला. ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही तो मुका, असा लोकांचा साधा हिशेब असतो. पोटासाठी तो बऱ्याच ठिकाणी फिरला होता. जिभेवर विसंबला असता तर वाटेतच उपाशी मेला असता. म्हणून त्यानं सगळं बोलणं हातात, खांद्यांत आणि भुवयांत आणून ठेवलं होतं.

"कसा सांगणार त्याला काम?" मिस्त्रिणीनं नवऱ्याला विचारलं. "त्याला बोललेलं कळत नाही."

"मलाही नाही कळत," मिस्त्री म्हणाला आणि पहिल्या दिवशीच त्याला विहिरीवर घेऊन गेला.

विहिरीवरची रीत अशी होती. मिस्त्री तळाला उतरायचा. तो टिकावानं मुरूम सोडवायचा, पहारीनं दगड उचकायचा, बादली भरायचा. वर रहाटावर दोर गुंडाळून बादली यायची. तळाच्या माणसाला वरून ओरडून सांगायची सोय नव्हती, म्हणून मिस्त्रीच्या डाव्या दंडाला एक बारीक दोरी बांधलेली असायची. वरून एक झटका म्हणजे बादली हलतेय, बाजूला हो. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे वर ये. दोरीचं वरचं टोक नऊ वर्षं मिस्त्रिणीच्या मुठीत होतं. उन्हात काठावर उभं राहून तिचे पाय भाजायचे, बोटांना घट्टे पडले होते. पण नवऱ्याचा जीव त्या दोरीला आणि दोरी आपल्या हातात, हे तिला घट्ट्यांपेक्षा जास्त जाणवायचं.

तिसऱ्या दिवशी मुक्यानं एक हात रहाटाच्या मुठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाला ती दोरी गुंडाळली. दोन्ही कामं एकटा करून दाखवली. मग मिस्त्रिणीकडे बघून हात जोडले, मान तिरपी केली आणि सावलीकडे बोट दाखवलं. अर्थ उघड होता: बाई, तुम्ही बसा.

मिस्त्री वर आला तेव्हा खूश झाला. "बरं झालं," तो मोठ्यानं म्हणाला. "तुला उन्हात ताटकळायला नको. जावेबरोबर घमेली टाक."

सावलीत बसायला सांगितलेली बाई घमेली वाहायला लागली. मुरमाच्या ढिगावर चढायचं, घमेलं उलटं करायचं, उतरायचं. मानेवरून घाम पाठीत जायचा आणि धूळ त्याच्यावर बसायची. येता-जाता तिची नजर मुक्याच्या मनगटावर असायची.

पाचव्या दिवशी विहिरीतून हसू आलं.

आधी तिला कळलंच नाही, कसला आवाज आहे. खोल, गोल, रांजणात कुणी हसावं तसा. ती काठाशी धावली. खाली मिस्त्री पहारीवर रेलून, पोट धरून हसत होता. वर मुका रहाटाला टेकून तसाच हसत होता. दोघांच्या मधे ती बारीक दोरी थरथरत होती.

"काय झालं?" ती जेवणाच्या सुट्टीत नवऱ्यासमोर बसून म्हणाली. "कशाला हसत होता?"

मिस्त्रीनं कांद्याची फोड तोंडात टाकली. पुन्हा हसू आलं त्याला. "काही नाही," तो म्हणाला. "तुला नाही कळायचं."

तिच्या हातातला घास हातात राहिला. हे वाक्य तिचं होतं. नऊ वर्षं तिनंच ते वाढलं होतं. ते असं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

ढिगावर जावेनं तिला गाठलं. जाऊ जिभेची सैल होती, गुपित तोंडात ठेवायची नाही. "तुम्हाला खरंच नाही कळलं, जाऊबाई? अहो, मळेवाल्याची चाल काढतो तो दोरीवर. एक लांब ओढ, एक आखूड झटका. मळेवाला पाय ओढत चालतो ना, तस्सा. मालक येतोय अशी वर्दी! भावजी खाली लगेच टिकाव उचलतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं कशाला? दिसतं की. तुम्ही सारखं त्याच्या मनगटाकडे बघता, म्हणून मालक येताना दिसत नाही."

मिस्त्रिणीनं घमेलं इतक्या जोरात उलटं केलं, की अर्धा मुरूम जावेच्या पायावर गेला.

तेव्हापासून ती मोजायला लागली. सोमवारी नवरा मुक्याबरोबर चारदा हसला. मंगळवारी सहादा. तिच्याबरोबर किती, हेही मोजावं असं तिला वाटलं, पण तो आकडा तिनं मांडला नाही. मांडायला काही तरी लागतं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. सतरा वर्षांत मिस्त्री तिच्याशी नीट वागला, तिच्यावर हात उगारला नाही, आजारपणात तिच्या पायाशी बसला. पण पोट धरून? तिच्यासमोर तो ओठ वाचायचा. ओठ वाचणं म्हणजे काम असतं. त्या कामातून संध्याकाळी दमून तो डोळे मिटून पडायचा. मुक्यासमोर मात्र तो दमत नव्हता.

मुक्याचं जेवण मिस्त्रीकडेच ठरलं होतं. संध्याकाळी दोघं ओसरीवर समोरासमोर बसायचे. मुका हातानं एक डोंगर काढायचा, डोंगराला वळसा घालून येणारा रस्ता काढायचा, रस्त्यावर घसरलेलं गाढव काढायचा. शेवटी गाढव स्वतःच व्हायचा. मिस्त्री जमिनीवर थाप मारून म्हणायचा, "पुढं?" आणि मिस्त्रीण दोघांना वाढत उभी असायची. एकदा तिनं मधेच नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं तिच्याकडे न बघताच तळहात दाखवला: थांब जरा, गाढव चाललंय.

गाढवासाठी तिला थांबवलं!

ती चुलीपाशी आली. "तुमचं खातं गेलं, जाऊबाई," जाऊ ताटं घासताना म्हणाली. "भावजींचे कान आता त्याच्या हातात."

"तू तुझ्या नवऱ्याचं बघ. तो शहरात काय करतो ते तुला कोण सांगतं?"

जाऊ ताट जोरजोरात घासायला लागली. मिस्त्रिणीला त्यात समाधान मिळालं, पण ते तेवढी ताटं घासून होईपर्यंतही टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मळेवाला बांधावर आला. नेहमीसारखा तिच्याशीच बोलला. "वहिनी, मिस्त्रीला विचारा, पाणी कधी लागतंय. झाडं जळायला लागली."

"विचारते, मालक," ती म्हणाली. मळेवाला गेला.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला दिव्याखाली बसवलं. समोर बसली. ओठ ओले केले. "मालक आले होते. म्हणाले, त्या परक्या माणसाला उद्यापासून ठेवू नका."

मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "का?"

"परका माणूस विहिरीवर नको, म्हणाले. कोण कुठला, काही झालं तर कुणाला विचारायचं?"

"मालक असं म्हणाले?"

"मी माझ्या मनचं सांगेन का?"

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. मिस्त्रीनं तो वाचला, आणि आणखी थोडा वेळ, ओठ मिटल्यावरसुद्धा, तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

आता मिस्त्रिणीची चूक कुठं झाली ते बघा. नऊ वर्षं तिनं सांगितलेलं नवऱ्यानं तपासलं नव्हतं, कारण तपासायचं कशानं हे त्याला माहीत नव्हतं. पण मुक्याबरोबर वीस दिवस काढल्यावर त्याला एक सवय लागली होती. तो आता नुसते ओठ बघत नव्हता, अख्खा माणूस बघत होता. त्याची खोड बदलली होती आणि तिला पत्ता नव्हता.

सकाळी मळेवाला पाय ओढत विहिरीवर आला. मिस्त्री खाली उतरला नव्हता. तो उठला, मुक्याचा दंड धरून त्याला मळेवाल्यासमोर उभं केलं आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मालक, याचं काय खटकलं तुम्हाला?"

मळेवाला दचकला. मिस्त्री आपल्याशी थेट बोलतोय, हेच त्याला नवीन होतं. "कुणाचं? याचं?" त्यानं मिस्त्रिणीकडे पाहिलं. "वहिनी, काय म्हणतोय हा? चांगला गडी आहे की. दोघांचं काम ओढतो. याचं खटकायचं काय?"

मिस्त्रिणीनं नवऱ्याकडे तोंड केलं. तोंड उघडलं. अजून वेळ होती; दाणे हातात होते, निवडायचे तेवढे निवडता आले असते. पण मळेवाल्यानं तेवढ्यात हसून मुक्याच्या पाठीवर थाप मारली, खिशातून विडी काढून त्याला दिली आणि दुसरी मिस्त्रीपुढं धरली.

थापेचं भाषांतर करावं लागत नाही.

मिस्त्रीनं विडी घेतली नाही. बायकोचं तोंड अजून अर्धवट उघडं होतं. त्यानं त्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

बहिऱ्या माणसानं डोळे मिटले की दार लागतं. बाहेरून कडी वाजवायची सोय नसते. ती "अहो" म्हणाली, मग मोठ्यानं "अहो" म्हणाली, मग मोठ्यानं म्हणून उपयोग नाही हे तिलाच आठवलं. तो तसाच वळला आणि दोराच्या शिडीनं खाली उतरला.

तीन दिवस असे गेले. ती समोर आली की मिस्त्रीच्या पापण्या खाली यायच्या. भांडण नाही, ताट भिरकावणं नाही. जेवायचा, ताट उचलून ठेवायचा. काही हवं असलं तर चार हातांवर बसलेल्या बायकोला न सांगता मुक्याला खुणेनं सांगायचा, आणि मुका येऊन तिला हातानं सांगायचा. सदऱ्याचं बटण तुटलंय. पाणी तापव. नऊ वर्षं दुसऱ्यांचं बोलणं पोचवणाऱ्या बाईला आता तिच्या नवऱ्याचं बोलणं दुसऱ्याच्या हातून येत होतं. जाऊ हे सगळं उंबऱ्यावर बसून बघायची, आणि तिच्या तोंडावर दया आणि मजा अशी अर्धी अर्धी असायची.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली. अंगणात मिस्त्री मुक्याला बराच वेळ काहीतरी सांगत होता. हात झटकत होता, छातीवर बोटं आपटत होता, घराकडे दाखवत होता, ओठांपाशी मूठ नेऊन उघडत होता. मुका मान हलवत ऐकत होता. मग तो मिस्त्रिणीकडे आला, थोडा घुटमळला आणि ओंजळ करून दाखवली.

पाणी. एवढंच.

एवढ्या लांबलचक बोलण्याचं नुसतं पाणी? मिस्त्रीण त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं नजर चुकवली. यानं गाळलं, तिच्या लक्षात आलं. तिच्याइतकं ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. तिला आपण वाचवलं म्हणून त्याच्या तोंडावर जे भलेपण होतं, ते अगदी तिच्यासारखंच होतं, आणि त्याचा तिला इतका संताप आला की तांब्या त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. नवरा आपल्याविषयी काय बोलला, ते तिचं होतं. शिवी असली तरी तिची होती. ती वाटेत ठेवून घेणारा हा कोण?

तांब्या भरून तिनं त्याच्या हातात दिला.

तिसऱ्या दिवशी विहिरीला पाणी लागलं. साडेतीन हातांवर, खडकाच्या एका पट्टीच्या फटीतून बोटभर धार आली. मिस्त्री वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखला होता. मळेवाला काठावरच होता.

"बस्स," मिस्त्री म्हणाला. "इथंच थांबायचं. खडकाखाली माती भुसभुशीत आहे. तो फोडला तर बाजूची भिंत आत येईल."

मळेवाला चिडला. ठरलेले चार हात, झालेले साडेतीन. "धार करंगळीएवढी आणि थांबायचं म्हणतो? अजून हातभर जा म्हणावं." मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत होता, पण मळेवाल्याच्या मिशांतून काही बाहेर येत नव्हतं. राग तेवढा दिसत होता. मळेवाला पुढं म्हणाला, "कान गेले तशी अक्कलही गेली का याची? बहिऱ्या बैलाला काम दिलं हीच माझी चूक. उद्या दुसरा मिस्त्री आणतो."

मिस्त्रीनं मुक्याकडे पाहिलं. मुक्यानं दोन्ही हात पसरले. त्यालाही त्यातलं काही कळलं नव्हतं. मग त्यानं मान तिरपी करून मुरमाच्या ढिगाकडे बोट दाखवलं. तिथं मिस्त्रीण घमेलं घेऊन उभी होती.

मिस्त्रीनं चिखलाचे हात सदऱ्याला पुसले. मग तिच्यापाशी गेला आणि तीन दिवसांनी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून तिच्यासमोर थांबला.

"काय म्हणाला?" त्यानं विचारलं. "जसंच्या तसं."

तिनं घमेलं खाली ठेवलं. मळेवाला ऐकत होता. जाऊ ऐकत होती. मालकाचा राग जाईल, उद्या बोलू, अशी दोन-तीन गुळगुळीत वाक्यं तिच्या जिभेवर आपोआप येऊन उभी राहिली. तिनं ती गिळली.

"म्हणाले, अजून हातभर जा." ती थांबली. "म्हणाले, कान गेले तशी याची अक्कलही गेली का."

"आणखी?"

"बहिऱ्या बैलाला काम दिलं हीच चूक, म्हणाले. उद्या दुसरा मिस्त्री आणणार."

"वहिनी!" मळेवाला ओशाळून म्हणाला. "अहो, हे सांगायचं असतं का? रागात माणूस..."

"हेही सांगते," ती म्हणाली, आणि तेही सांगितलं.

मिस्त्रीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नऊ वर्षांत त्याला कुणी शिवी दिली नव्हती, असा त्याचा समज होता. तो मळेवाल्याकडे वळला. "मालक, अक्कल गेली असती तर तुमच्या सांगण्यावरून खाली उतरलो असतो," तो नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला. "हातभर खोल जायचंय ना? तुम्ही उतरा. दोरी मी धरतो."

मळेवाल्यानं विहिरीत डोकावून पाहिलं. बाजूच्या भिंतीतून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि पाण्यात पडलं. तो मागं सरला. "राहू दे," तो पुटपुटला. "धार वाढेल हळूहळू." आणि पाय ओढत निघून गेला. जाऊ इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मुका काही न कळता तिच्याबरोबर हसला.

मिस्त्री हसला नाही. तो ढिगावर बायकोसमोर बसला.

"असं मला पहिल्यांदाच म्हणाले?"

"नाही."

"कितीदा?"

तिला आकडे पाठ होते. कुठल्या विहिरीवर कोण काय म्हणालं, कुणी नक्कल केली, धाकटा भाऊ जाताना भिंतीचं काय बोलला, सगळं तिनं सांगितलं. ती न अडखळता सांगत गेली आणि तो तिच्या ओठांवरून नजर न हलवता वाचत गेला. प्रत्येक गोष्टीनंतर एकच म्हणायचा, "आणखी?"

शेवटी ती थांबली.

"आणखी?"

"नणंदबाईंचा निरोप आला होता. तीनदा. दूधवाल्याबरोबर. दादा रागावलाय का, येत का नाही, म्हणून विचारत होत्या."

मिस्त्रीची बहीण दोन तासांच्या वाटेवर राहायची. वर्षापूर्वीपर्यंत तो महिन्यातून एकदा जायचा. मग बायको म्हणाली होती की नणंदबाईंनी घराचं काम काढलंय, आत्ता नको म्हणतात. बहिणीचे ओठही मिस्त्रीला थोडे थोडे वाचता यायचे. लहानपणापासूनचे ओळखीचे होते ना. ती दोघं बोलायला बसली की मिस्त्रिणीला मधे बसायला जागा नसायची.

मिस्त्री उठला. हातपाय धुतले. मुक्याला खुणेनं सांगितलं: हत्यारं गोळा कर, घरी नेऊन ठेव. मग सायकल काढली. मिस्त्रीण ढिगावरच बसून होती. तो एकटा जाणार, हे तिनं धरूनच चाललं होतं. कदाचित मुक्याला मागं बसवेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

"बस," तो म्हणाला आणि मागच्या कॅरिअरकडे हनुवटी केली.

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना वाळलेली शेतं. सायकलवर तो पुढं आणि ती मागं, म्हणजे बोलायचा प्रश्नच नव्हता. त्याची पाठ तिच्यासमोर होती. घामानं सदरा चिकटला होता आणि वर खांद्याशी दोरानं पडलेला काळा पट्टा दिसत होता. इतक्या जवळ असून इतकी हक्काची मोकळीक तिला कधी मिळाली नव्हती. ती त्या पाठीशी बोलायला लागली. आधी पुटपुटत, मग चांगलं मोठ्यानं. गाढवापासून सुरुवात केली. मळेवाल्याची चाल जावेला कळली आणि मला नाही कळली, ते. सोमवारी चारदा, मंगळवारी सहादा, ते. समोरून येणारा एक शेळ्यांवाला तिचं ऐकून वळून बघायला लागला. तिनं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

मिस्त्रीच्या मानेला फुंकर लागत असावी. "काही म्हणतेस?" त्यानं पुढंच बघत विचारलं.

तिनं चालत्या सायकलवरून उडी मारली. पाऊल मुरगळलं थोडं. वजन हललं तसा मिस्त्रीनं ब्रेक दाबला, एक पाय टेकला आणि वळून पाहिलं. ती लंगडत पुढं आली, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही त्याच्याशी हसता," ती म्हणाली, "ते मला बघवत नाही. माझ्याशी कधी असं हसला नाहीत. म्हणून मी मालकांचं खोटं सांगितलं. म्हणूनच नणंदबाईंचं सांगितलं नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून गाळते, असं म्हणत आले, ते खरं नव्हतं. तुम्ही माझ्याशिवाय कुणाशी बोलायला लागलात की माझा जीव जळतो."

ऊन तिच्या पाठीशी होतं. मिस्त्रीनं कपाळावर हात आडवा धरला, डोळे बारीक केले. तिला वाटलं, आता मिटणार.

"तोंडावर अंधार येतोय," तो म्हणाला. "निम्मंच कळलं. इकडं उन्हात ये आणि परत सांग."

एकदा सांगायलाच सतरा वर्षं लागली होती. मिस्त्रीण हँडल सोडून सायकलला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. ऊन थेट डोळ्यांत आलं. तिनं ते येऊ दिलं, आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली.